जाळीवरची चुनरी

अंगारकी, संध्याकाळ

चंद्र उगवायचाय, पोट रिकामं, पण राग काही जात नाही.

ह्यांच्या डाव्या पायाने क्लच दाबवत नाही, म्हणून जुन्या ट्रकला ऑटोमॅटिक गिअर बसवला. त्याचं तेल थंड करणाऱ्या नळ्या मिस्त्रीने पुढच्या जाळीमागे नेल्या. आणि सासूबाईंनी त्याच जाळीवर देवीची चुनरी ताणून बांधली. नळ्यांना वारा लागेना, वडप्याच्या नाक्यावर तेल उकळून ट्रक बंद पडला.

दीर म्हणाले, "वहिनी, विका आता ट्रक. दादाला नाही जमायचं."

मी त्यांच्यादेखत चुनरी सोडली.

"अगं, हात कसा धजावला तुझा?" सासूबाई.

"देवी आत बसेल, ह्यांच्या शेजारी."

चुकलं का माझं? नाही. चुनरी केबिनमध्ये बांधलीय. उद्या काल्हेरची फेरी हेच मारतील. भाऊजींनी हवं तर मागून चालत यावं.