शुक्रवारचं डिझेल

वुरिंडी,
ता. ६ जानेवारी

ती. व्हर्नाताईस,
हेडलीचा सा. न. वि. वि.

तुझा नाताळचा केक पोचला. इल्माला सुका मेवा चालत नाही, त्यामुळे सगळा मलाच संपवावा लागला. तक्रार नाही. फोनवर मी भांडतो असं तू म्हणतेस आणि इथे रेंज मिळायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, म्हणून पत्रच बरं.

सप्टेंबरपासून इल्माचं रक्त यंत्रावर साफ करून घ्यावं लागतं, हे तुला माहीतच आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पोर्ट ऑगस्टा इथून एकशे तीस किलोमीटर, घाट उतरून. सकाळी तिला न्यायचं, पाच तास बाहेर बाकावर बसायचं, संध्याकाळी आणायचं. हे मी जिवंत असेपर्यंत करीन, त्याचं मला काही नाही. डोकं फिरतं ते डिझेलने. मेंढ्या विकल्यापासून आम्ही दोघं पेन्शनवर, आणि आपली पांढरी गाडी तर आठवड्यातून दोनदा टाकी रिकामी करते. पंपावरचा आकडा रोज चढतोय. पंपवाल्याला विचारलं तर तो खांदे उडवतो. परवा मी त्याला म्हणालो की बाबा रे, निदान वाईट वाटल्याचं तोंड तरी कर.

मी पंपावरून येतो तेव्हा इल्मा फक्त पावतीकडे बघते. तिचं ते बघणं मला सहन होत नाही.

तू आयुष्यभर लोकांना गाडी शिकवलीस. कमी डिझेलमध्ये गाडी हाकायची काही अक्कल असेल तर कळव. लोभ ठेवच, तो अजून फुकट मिळतो.

तुझा,
हेडली

---

ॲडलेड,
ता. १३ जानेवारी

चि. हेडलीस अनेक आशीर्वाद.

सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा मला काही विचारलंस. पत्र जपून ठेवलंय.

एकतीस वर्षांत मी दोन पाद्री आणि एक न्यायाधीश शिकवून बाहेर काढले, पण तुझ्याइतका दगड कोणी नव्हता. तेव्हा नीट वाच. एकशे दहाने जाऊ नकोस, नव्वदच्या आत राहा. वळण दिसलं की पाय आधीच उचल, शेवटच्या क्षणी ब्रेकवर उभा राहू नकोस. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना बघ. टपावरचा तो लोखंडी सांगाडा काढून टाक, तो वाऱ्याला अडवतो. मागे जो संसार भरून ठेवलायस तोही उतरव. दुसरी स्टेपनी कशाला? पाण्याचे डबे, डिझेलचे डबे, वडिलांच्या वेळची साखळी? तू पोर्ट ऑगस्टाला निघालायस, वाळवंट ओलांडायला नाही. वजन म्हणजे डिझेल. एसीलाही डिझेल लागतं, जपून वापर.

आणि तुझी ती जुनी खोड. फाटक उघडायला उतरलास, कोणाशी दोन शब्द बोलायला थांबलास, की इंजिन आपलं घुरघुरत राहतं. उभ्या गाडीने प्यायलेलं डिझेल जमिनीवर ओतल्यासारखं आहे. बंद करत जा.

खरं तर ती गाडीच विक आणि छोटी पेट्रोलची घे. निम्म्यात भागेल. हे लिहिल्यावर तू पत्र फेकशील, म्हणून शेवटी लिहिलं.

इल्माला गोड पापा सांग. तुमच्यावरचा जीव आहे तसाच आहे, फक्त तुझ्यावरचा मधूनमधून कमी होतो.

तुझी,
व्हर्ना

---

वुरिंडी,
ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र फेकलं नाही. छोट्या गाडीची ओळ मात्र मी वाचलेलीच नाही असं समज. संध्याकाळी घाटात कांगारू किती असतात ते तू विसरलीस. माझ्या गाडीला पुढे लोखंडी गज आहे, म्हणून दोनदा वाचलो. त्या डबीत बसलो तर कांगारूच आमच्या मांडीवर येईल.

बाकीचं सगळं केलं. सांगाडा काढला, स्टेपनी एकच ठेवली, डबे उतरवले, मागचा छोटा फ्रीज उतरवला, हत्यारांची पेटी उतरवली. साखळीसुद्धा उतरवली, वडिलांची क्षमा मागून. व्हरांड्यात आता एवढा ढीग आहे की घर हलवतोय असं वाटतं. एसी बंद केला. पंच्याऐंशीने जातो. काट्याजवळ तो आकडा दिसतो ना, शंभर किलोमीटरला किती लिटर, तो चौदावरून अकरावर आला. मी इल्माला दर दहा मिनिटांनी वाचून दाखवतो.

पण ताई, या हळू जाण्याने माझा जीव जाणार आहे. इथे पंच्याऐंशीने कोण जातं? ज्याचं काही बिघडलंय तो. त्यामुळे जो मागून येतो तो आमच्यापुढे जाऊन थांबतो, हात करतो, आणि विचारतो की सगळं ठीक ना. सोमवारी शेजारचा रोली हाइनरिक थांबला. बुधवारी रस्त्याचं काम करणारे दोघे थांबले, त्यातल्या एकाने मला न विचारता बॉनेट उघडलं. मेंढ्यांचा तीन डब्यांचा ट्रकसुद्धा थांबला, तो पुन्हा वेगात येईपर्यंत त्याचं माझ्या आठवड्याइतकं डिझेल गेलं असेल. कोणी थांबलं की मलाही थांबावं लागतं, न थांबून कसं चालेल. मग मी काच खाली करतो आणि सांगतो की सगळं ठीक आहे. प्रत्येकाला तेच. कोणाला सांगायचं की पैसे वाचवतोय? जाहीर करण्यासारखी ती गोष्ट आहे का?

इल्मा बरी आहे. गेल्या शुक्रवारी तिला इतकं बरं वाटत होतं की तीच म्हणाली आज नको जायला, म्हणून गेलो नाही. त्याच्या आदल्या शुक्रवारीही तसंच. कदाचित तब्येत सुधारतेय.

तुझ्या लोभाचा आकडा खाली येऊ देऊ नकोस.

तुझा,
हेडली

---

ॲडलेड,
ता. ८ फेब्रुवारी

चि. हेडली,

आशीर्वाद पुढच्या पत्रात.

तब्येत सुधारतेय म्हणजे काय? बंद पडलेली मूत्रपिंडं सुधारत नसतात. तिला तिथल्या लोकांनी तीन दिवस सांगितलेत ते गंमत म्हणून नाहीत. तू डॉक्टरला विचारलंस का? नक्कीच नाही. तू काट्याकडे बघत बसला असशील.

आणि एसी बंद करायला तुला कोणी सांगितलं? जपून वापर म्हटलं होतं. फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात, चव्वेचाळीस डिग्रीत, आजारी बाईला घेऊन जाताना बंद कर असं मी लिहीन का? लिहिलं तसंच असेल तर माझा हात मोडो.

या शुक्रवारी तिला घेऊन जा. एकशे तीसने गेलास तरी चालेल.

व्हर्ना

---

वुरिंडी,
ता. १२ फेब्रुवारी

ती. व्हर्नाताई यांस,
इल्माचा सा. न. वि. वि.

हेडलीला लिहिलेलं पत्र मी वाचलं. तो कोंबड्यांना दाणे घालायला गेला होता आणि टपालवाला माझ्याच हातात देऊन गेला. पत्र मी पिठाच्या डब्यात ठेवलंय. तुम्ही रागवाल, पण आधी ऐकून घ्या.

शुक्रवार मीच बंद केला, त्याने नाही. मधल्या चार तारखेला गेले होते, पण काल तिसरा चुकवला. बरं वाटतं हे मी त्याला खोटंच सांगते. पावलं इतकी सुजलीत की त्याचे बूट घालून वावरते, आणि तो म्हणतो की माझे बूट तुला छान दिसतात. सोमवारी तिथली नर्स विचारते तेव्हा मी सांगते की शुक्रवारी गाडी बिघडली होती. या वयात मी किती सफाईने खोटं बोलते ते ऐकून माझी मलाच लाज वाटते.

तुमच्यावरही माझा राग आहे, तो लिहूनच टाकते. यंत्रावरून उठल्यावर माझ्यात काही उरलेलं नसतं. पूर्वी दीड तासात घरी यायचो. आता हळू जाऊन आणि थांबून थांबून दोन तास होतात, तेही तापलेल्या गाडीत. मागच्या सोमवारी घाटात उलटी झाली. हेडली उतरला, माझं तोंड पुसलं, आणि पहिल्यांदा इंजिन बंद केलं. तुम्ही सांगितलं होतं ना. मला रडावं की हसावं कळेना.

तो वाईट नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो आकडा खाली आला की त्याचा चेहरा उजळतो. सप्टेंबरपासून त्याला माझ्यासाठी काहीच करता आलेलं नाही, आणि हे एक त्याला जमतंय. ते मी कसं मोडू? रोज तो गाडीतून आणखी काहीतरी उतरवतो आणि सांगतो की एवढे किलो कमी झाले. परवा व्हरांड्यातला तो ढीग बघत बसले होते. गाडीतलं सगळं ओझं काढून झालं, ताई. आता मीच उरले.

त्याला यातलं काही कळवू नका. मी चिडून लिहिलंय, तरी माया कमी झालेली नाही, तुम्हीही करू नका.

आपली,
इल्मा

---

ॲडलेड,
ता. १६ फेब्रुवारी

प्रिय इल्मा,

तुझं पत्र वाचलं. क्षमा माग म्हणालीस तर मागते, न म्हणतासुद्धा मागते. मी गाडीबद्दल सगळं लिहिलं, गाडीत कोण बसलंय ते विसरले.

माझी छोटी गाडी मी तुम्हाला देऊन टाकते. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर मला मोठ्या रस्त्यावर नेता येत नाही, त्याने बसने येऊन न्यावी. तो येणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते.

तुझं गुपित मी ठेवीन, पण आठ दिवसच. मग त्याला टाकीवर चढायला लावून मी स्वतः फोन करीन. आणि एक विचारते. तुम्ही तिकडचे लोक अनोळखी माणसाचा ट्रक वाळूतून ओढून काढाल, बॉनेट न विचारता उघडाल, पण कोणी तुम्हाला विचारलं की सगळं ठीक ना, तर खरं उत्तर द्यायला तुमची जीभ का उचलत नाही? त्या पंच्याऐंशीच्या वेगामुळे अख्खा तालुका तुम्हाला रोज विचारतोय. पुढच्या वेळी ऐकून तरी घे.

जा, इल्मा. कसंही करून जा. तुझ्या पत्राची वाट बघणारी,

व्हर्ना

---

वुरिंडी,
ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पिठाच्या डब्यातलं पत्र मिळालं. तू इल्माला लिहिलेलं दुसरंही मिळालं. तुम्ही दोघींनी मिळून मला मूर्ख ठरवलंत, आणि मी होतोच, त्यामुळे भांडायलाही जागा ठेवली नाहीत.

गेल्या सोमवारी काय झालं ते सांगतो. सकाळी घाटाच्या अलीकडे रोलीची सून टॅम्झिन मागून आली, पुढे जाऊन थांबली. पोर्ट ऑगस्टाला एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती कामाला आहे, आठवड्याचे पाचही दिवस त्याच रस्त्याने जाते, एकटी, तुला आवडेल तसल्या डबीतून. महिनोन्‌महिने आम्ही एकमेकांना स्टिअरिंगवरचं बोट उचलून नमस्कार करतोय. तिने विचारलं की सगळं ठीक ना. मी काच खाली करून म्हणालो की ठीक आहे, आणि गिअर टाकला.

तेवढ्यात इल्मा माझ्या अंगावरून वाकली आणि म्हणाली की नाही, ठीक नाही. म्हणाली की मी चार शुक्रवार यंत्रावर गेलेली नाही, कारण डिझेल परवडत नाही, आणि ह्याला ते माहीत नाही.

ताई, मी इंजिन बंद केलं. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. टॅम्झिन म्हणाली की मग मला आधी का नाही सांगितलंत, मी रोज रिकामी जाते. तिलाही राग आला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, की धूळ असेल.

आता सोमवारी आणि शुक्रवारी इल्मा तिच्याबरोबर जाते. बुधवारी मी दोघींना नेतो, एसी लावून, शंभरने. डिझेल तिसऱ्या हिश्श्यावर आलं. तुझ्या सगळ्या युक्त्यांनी जेवढं वाचलं नव्हतं तेवढं एका वाक्याने वाचलं, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. अख्ख्या वुरिंडीला आता कळलंय. फाटकापाशी कोणीतरी भोपळे ठेवून जातं. रोलीने कोणी बॅटने मारल्यासारखा चेहरा करून विचारलं की मला का नाही सांगितलंस, आणि मी म्हणालो की तू विचारलंस तेव्हा तू घाईत होतास. तो घाईत नव्हता. दोन दिवस मी इल्माशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन बसलो.

शुक्रवारी मी घरी. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशिवाय तिथे गेली. दिवसभर व्हरांड्यातला ढीग इकडचा तिकडे केला. साडेपाचलाच फाटकाशी जाऊन उभा राहिलो. कांगारूंची वेळ, आणि त्या डबीला पुढे गज नाही. दुपारी नर्सने टॅम्झिनकडे निरोप दिला होता की बाईंच्या अंगातलं पुष्कळ पाणी निघालं, आता एकही दिवस चुकवायचा नाही.

सहा वाजता गाडी आली. मी फाटक उघडलं, पण टॅम्झिन आत आली नाही. तिने ओठांवर बोट ठेवलं. इल्मा मागच्या सीटवर झोपली होती, तोंड उघडं टाकून, एसीचा वारा थेट अंगावर. एसी बंद केला तर ती जागी होईल, म्हणून पोरीने इंजिन चालूच ठेवलं. आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. दहा मिनिटं, कदाचित पंधरा. गाडी उभी, इंजिन घुरघुरतंय.

मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस.

तुझा,
हेडली