मामाजींची सही आणि नागपूरची याचिका

दारव्हा, रविवार

तीर्थस्वरूप मामाजींच्या चरणी जावई दिवाकरचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामीजींची शुगर? इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे घरात मी एकटाच असल्यानं जे आहे त्यालेच ठीक म्हणा लागते. (काल वरणात मीठ टाकाचं राह्यलं. खाणारा मीच, तक्रार कोणाकडे करता?) इंदू उमरखेडले सुखरूप पोचली हे तिनं कळवलं नाही, पण एस.टी.च्या कंडक्टरकडून कळलं. तुम्ही फोन उचलत नाही, तो तुमचा हक्क आहे. म्हणून पत्र लिहून राह्यलो.

हायकोर्टातल्या कागदात तुमच्याबद्दल जे लिहिलं आहे, त्याचा राग येणं साहजिक आहे. पण आधी माझी बाजू ऐका. मी यवतमाळातून खासदारकीले उभा राह्यलो तो काही हौसेखातर नाही. आमच्या कृषी केंद्रासमोर रस्त्याच्या मधोमध डिव्हायडर आला, अन् तेव्हापासून पलीकडचं गिऱ्हाईक पलीकडच्याच दुकानात जाते. नगरपालिकेत सांगतलं, कोणी ऐकलं नाही. तेव्हा हा विषय थेट संसदेत मांडावा असं ठरलं. (ठरवणारे मी अन् पानठेल्यावरची मंडळी.) अपक्षाले अर्जावर सही कराले दहा सूचक लागतात, तेही त्याच मतदारसंघाचे मतदार. नऊ झाले होते. दहावे तुम्ही. होळीच्या पुरणाले आले होते, जेवून उठले, हात पुसले अन् काही न विचारता सही ठोकली. सासरा असावा तं असा, हे मी तेव्हाही चारचौघांत म्हटलं होतं.

छाननीच्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्यांनी नेमकं तुमच्या नावावर बोट ठेवलं. उमरखेड हिंगोली मतदारसंघात येते म्हणे. आता मामाजी, तुमच्या सातबाऱ्यावर जिल्हा यवतमाळ, आमच्या लग्नपत्रिकेवर जिल्हा यवतमाळ (पत्रिका मी सोबत नेली होती, साहेबांनी हातात घेतली नाही), मग मतदारसंघ तेवढा हिंगोली काहून? मी सांगतलं, आमचे सासरे आयुष्यात एकदाच हिंगोलीले गेलते, तेही दाढ काढाले. साहेब म्हणाले, ते दाढ कुठं काढतात याच्याशी आम्हाले घेणं नाही, मत कुठं टाकतात ते सांगा. अर्ज बाद झाला. पांढरकवडा चंद्रपूर मतदारसंघात मोडते हेही तिथंच समजलं. तिथल्या साडूचीही सही घ्याले निघालो होतो, पण गाडी पंक्चर झाली अन् तेवढी अब्रू वाचली.

पुढं निकाल लागला, जे निवडून याचे ते आले. माझा अर्ज चुकीनं बाद केला, सबब ही निवडणूकच रद्द करा, अशी याचिका मी नागपूरले टाकली. वकील प्रेमसिंग राठोड, माणूस हुशार, पण एकदा लिहाले बसला की त्याले आवरणं कठीण. त्यांनी लिहून टाकलं की उमेदवार निष्पाप असून, सूचक सदाशिवराव यांनी आपला खरा मतदारसंघ त्याच्यापासून लपवून ठेवला. सगळं इंग्रजीत. मी वाचूनच सही केली, म्हणजे शेवटचं पान वाचलं. इंदूनं पहिल्यापासून वाचलं. मग तुमाले फोन लावून एकेक ओळ मराठीत करून सांगतली, आवाज जराही न चढवता. मले तेव्हाच समजाले पाहिजे होतं. सकाळी तिनं बॅग भरली. जाताना एवढंच म्हणाली, की माझ्या बापाले कोर्टात लबाड म्हणता, तं आता पोळ्याही कोर्टालेच मागा.

तरी मामाजी, मी याचिका मागं घेऊन राह्यलो. खासदारांनी आपली पाच वर्षं सुखानं करावी, डिव्हायडरही राहो. तुम्ही लबाड नाही हे मी अख्ख्या दारव्ह्यात सांगून राह्यलो, ज्यानं विचारलं नाही त्यालेही. मामीजींले नमस्कार.

आपला आज्ञाधारक जावई,
दिवाकर

ता. क. – मुख्य गोष्ट राह्यलीच. याचिका मागं घेतली की इंदूले इकडच्या गाडीत बसवून द्या. मी स्टँडवर घ्याले येतो.

ता. क. २ – पाकीट बंद कराच्या आधी वकीलसाहेब आले, पत्र वाचलं अन् कपाळाले हात लावला. निवडणूक याचिका अशी मनात आलं म्हणून मागं घेता येत नाही म्हणे. कोर्टाची परवानगी लागते, अन् त्यामागं काही सौदा असला तं परवानगी भेटत नाही. याचिका सोडतो, बायको धाडा, हा सौदाच झाला म्हणतात. तरी वरची ता. क. रद्द समजावी.

ता. क. ३ – बायको नाही आली तरी मागं घेतो, असं आता मले शपथेवर सांगा लागते. खोटी शपथ घ्याल तं मी वकीलपत्र सोडतो, असा प्रेमसिंगनं दम दिला. म्हणून हे पत्र तसंच ठेवून मी नीट विचार केला. मामाजी, खरंच घेतो. ती नाही आली तरी घेतो. तिच्याशिवाय घर खाले उठते, पण ज्या माणसानं न विचारता सही केली, त्याचं नाव त्या कागदात तसं राहू देणं मले जमत नाही.

हे मात्र इंदूले सांगू नका. न येताही काम होते हे तिले कळलं, तं ती दिवाळी तिकडंच करते.