सुकेळ्यांवर घेतलेला आळ

आये, सुकेळ्यांचा काही दोष नव्हता, असं डॉक्टर आता सांगतो. इतकी वर्षं गेल्यावर! आज धाकट्या लेकीला घेऊन गेलो होतो. तू गेलीस तेव्हा ती नऊ वर्षांची होती; आता शाळेत शिकवते, पण इन्सुलिनची सुई काही सुटली नाही. तिचं लग्न ठरतंय, म्हणून मी विचारलं, "हिच्या पोरांना गोड दिलंच नाही, तर हा रोग टळेल ना?" डॉक्टर हसला. "काका, लहानपणीचा हा मधुमेह गोड खाऊन होत नाही. अंगात राखण करणाऱ्या पेशी असतात, त्या एकमेकींना निरोप धाडतात. ते निरोप म्हणजे एक प्रकारची प्रथिनं. हिच्या अंगात त्या निरोपांनी राखणदार भलतीकडेच धावले, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच त्यांनी मारून टाकल्या." मी म्हटलं, "पण पहिला निरोप धाडला कोणी?" तर म्हणे, "तेच अजून शोधतायत." मग मला सांगतोस कशाला, बाबा? चौथी शिकलेल्या माणसाच्या डोक्याला किती ताप द्यायचा? वर धाकटी मलाच दटावते, "बाबा, हळू बोला, बाहेर माणसं बसलीत."

तेव्हापासून तोच दिवस डोळ्यांपुढे येतोय. अंगणातल्या मांडवावर सुकेळ्यांसाठी सोललेली राजेळी केळी वाळत आहेत आणि तू काठी घेऊन कावळे हाकत बसली आहेस. पोर इस्पितळात बेशुद्ध. मी तिथून तडक येतो आणि मांडवच उलटा करतो. "सुकेळी चारून चारून तूच तिचं वाटोळं केलंस!" शेजारी कुंपणाशी जमलेत. तू माझ्याकडे बघतेस, एवढंच म्हणतेस, "मी नाय रं दिली तिला." आणि मातीतली केळी पदरात वेचायला लागतेस. पुढे तू सुकेळी केलीच नाहीस. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर बायका विचारायच्या, "यंदा सुकेळी नाय?" तू म्हणायचीस, "हात दुखतात." वर्षभरात गेलीस.

मला राग येतो तो याचाच. भांडायचं होतंस! एरवी कोंबडी कुंपणापलीकडे गेली तरी आख्खी आळी डोक्यावर घ्यायचीस. माझ्यापुढेच तुझं तोंड का शिवलं होतं?

परतताना धाकटीने स्टँडवर विचारलं, "म्हणजे आजीचं काहीच चुकलं नव्हतं?" मी म्हटलं, "चल, बस आली." बस आली नव्हती. ती रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली.

हा कागद कुठे धाडणार? तुझ्या सुकेळ्यांच्या डब्यात ठेवतो. त्या डब्याचं झाकण आवाज न करता कसं उघडायचं, ते मला ठाऊक आहे. रोज सकाळी तिच्या दप्तरात दोन सुकेळी मीच टाकायचो.