सिस्टरचे अखंड सौभाग्य

आर्वी, ४ ऑक्टोबर १९५४

ति. जिजाआत्यास,
पद्माचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी चुकीचे लिहिले. रोहण्याच्या यशोदाबाईंनी धर्म बाटेल म्हणून सिस्टर मार्थांना दारातून परत पाठवले, हा नुसता माझा अंदाज होता. खरे कारण त्यांची सून अन्नपूर्णा हिने कळवले. सिस्टरचे पांढरे कपडे आणि मोकळे कपाळ पाहून सासूबाईंनी त्यांना विधवा ठरवले. बाळंतिणीच्या खोलीत विधवेचे पाऊल नको!

अन्नपूर्णाचे पहिले बाळ गेले. हेही पोटात आडवे आहे आणि दिवस भरत आलेत. सिस्टरच्या हाताखेरीज धडगत नाही. बाबा त्यांच्याच दवाखान्यात कंपाउंडर. सिस्टर आम्हा दोघांना नेहमी म्हणतात की हे काम एकट्या मठाचे नाही, घरसंसारातल्या माणसांचेही आहे. पण मी काय करू? मीही ख्रिस्ती, माझेही कपाळ मोकळे. तेवढ्यापुरते कुंकू लावले तर पाप होईल का, हे विचारायचाही धीर होत नाही. बाबांबरोबर तू बाप्तिस्मा घेतला नाहीस, याचे आज पहिल्यांदाच बरे वाटते आहे. काही सुचव.

लोभ असू दे, आणि हसून झाले की उत्तर टाक.
तुझी, पद्मा

अल्लीपूर, ९ ऑक्टोबर

चि. पद्मीस अ. उ. आ.

कपाळ मोकळं असू दे, पण डोक्यात एवढं काऊन भरून ठेवतं वं? दसऱ्याचं सोनं द्याले रोहण्याले दिराकडे गेलती, तशीच यशोदेकडं जाऊन बसली. तिले सांगितलं का त्या बाईच्या बोटात अंगठी आहे, ते लग्नाची आहे. मठातल्या बाया देवालेच वरतात, हे तुह्या बापानंच मले सांगितलं होतं. आता देव का मरते? आपण साऱ्याजणी नवऱ्याच्या खोकल्याले भिऊन जगून राह्यलो. ते बाई तं अखंड सौभाग्यवती! तवा यशोदा म्हणाली का असं असंन तं माह्या हातानं ओटी भरून घ्यावी, मंगच खोलीत पाय. तुही सिस्टर घेईन काय भरून? विचारून कळवजो. आन् पापं मोजत बसू नको.

माया आहेच, ते काय लिहाची.
तुही आत्या

आर्वी, १३ ऑक्टोबर

ति. आत्यास सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. उगाच फसवणूक नको, म्हणून सिस्टरना ते जसेच्या तसे वाचून दाखवले, खोकल्यासकट. त्या इतक्या हसल्या की हातातले सुयांचे भांडे खाली ठेवावे लागले. मग म्हणाल्या की यात एक अक्षर खोटे नाही. त्यांचा धनी एकदा मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आता पुन्हा मरायचा नाही.

मठाच्या प्रमुख मदरनी ओटीला परवानगी दिली. नारळ मात्र मठाच्या स्वयंपाकघरात जमा करायचा. सिस्टरना पदर नाही, म्हणून एप्रन पुढे धरायला शिकवले. सरावाचे तांदूळ अजून मी फरशीवरून वेचते आहे.

पण यशोदाबाईंनी नाव घ्यायला लावले तर? रात्रभर हीच धास्ती. शेवटी मीच जुळवले: ‘रोहण्याच्या अंगणात तुळस हिरवीगार, येशूरावांचं नाव घेते, उघडा खोलीचं दार.’ ‘राव’ लावणे शोभते का, हे मदरना विचारले. त्या म्हणाल्या की लोकांनी त्याला याहून वाईट नावे ठेवली आहेत. सिस्टर आता औषध घोटताना उखाणा घोकतात.

कुंकवाचे ताट घेऊन तू पुढे हवीसच. माया लिहू नकोस, घेऊन ये.
तुझी, पद्मा

ता. क. बाबांना सुट्टी नाही, म्हणून सिस्टरना मीच नेणार. आपली वाट पाहत अन्नपूर्णाचे बाळ थांबायचे नाही. पहिल्या मोटारीने निघते, मंगळवारी, १९ ऑक्टोबरला.