खाली लिहिलेली वाट

केडगाव, सोमवार, दिवेलागणीची वेळ

मुक्ताचा मेल आला. दिवाळीत माझ्याशी भांडून टोरांटोला गेल्यापासून पोरगी फोनवर फक्त आईशी बोलते, म्हणून काल मीच लिहिलं. जेमतेम चार ओळी. पण सवयीने खाली वाट लिहिलीच: टोरांटो, मुंबई, पुणे, केडगाव.

ही सवय पुण्याच्या कॉम्प्युटर सेंटरमधल्या नोकरीची. तेव्हा नुसतं बटण दाबून उत्तर पोचत नसे. कोणकोणत्या मशीनवरून ते आपल्यापर्यंत आणायचं, ती वाट आपणच मजकुराखाली लिहून द्यायची. नाहीतर समोरच्याच्या मनात असूनही त्याला उत्तर देता यायचं नाही. मुक्ता हसायची, "बाबा, आता लागत नाही हो ते!"

लागत नाही, ठाऊक आहे. मग काल का लिहिली? तिला काय घरची वाट माहीत नाही?

मेल उघडायचा धीर होईना. माझी बायको शोभा, माहेर राहात्याचं, तिला दम कुठला! "आवो, नुसतं बघत काय बसलाय? वाचा की!"

उघडला. भांडणाबद्दल अवाक्षर नाही. ख्यालीखुशालीही नाही. माझीच वाट, शेवटी एक मुक्काम वाढवून: टोरांटो, मुंबई, पुणे, केडगाव, मागचं दार.

शाळेतून ती कायम मागच्या दारानेच यायची.

त्या दाराला मी रोज अंधार पडायच्या आत कडी घालतो. आज घातली नाही. शोभा म्हणते, "आवो, तिला तिकीट तर काढू द्या!"

काढू दे सावकाश. कडी काही मी घालणार नाही.