पाण्याला बसायला जागा

मी, खाली सही करणारी, धंद्याने बुकबाइंडर, सत्तरी ओलांडलेली, उताराच्या शेवटच्या घरात राहणारी, ही माझी अखेरची व्यवस्था स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आज सकाळीच मला तपासले. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत, असे त्यांचे मत पडले. मृत्युपत्राला डोके पुरते. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घराशेजारची जागाही मुलाच्या नावे होती. ती आता त्याला का देत नाही, ते खाली लिहिले आहे.

१. माझे राहते घर, माडीसह, माझ्या मुलाला मिळावे. विकायचे की ठेवायचे ते त्याने ठरवावे. माझी अट नाही. अटी घालून घालून मी थकले आहे.

२. पुस्तके दाबायचा लोखंडी दाब, कागद कापायचे यंत्र, दाभणे, दोऱ्याची रिळे आणि उरलेले कापड माझ्या भाचीला द्यावे. ती माझ्याकडेच काम शिकली आणि माझ्यापेक्षा सरळ टाके घालते. दाब उचलायला चार माणसे बोलवावीत. तिच्या नवऱ्याने एकट्याने प्रयत्न करू नये. त्याची कंबर मला ठाऊक आहे.

३. घराला लागून असलेली खोलगट जागा. हे कलम लांबणार आहे, पण वाचणाऱ्याने गाळू नये.

या जागेवर माझ्या यजमानांचे दुकान होते. ते कुलूपवाले. गल्लीतल्या बहुतेक दारांच्या किल्ल्या त्यांच्या हातच्या. ते गेल्यावर दुकान बंद पडले आणि पावसाळ्यात तिथे फक्त पाणी येऊन बसू लागले. सगळ्या गल्लीचे पाणी उतारावरून आमच्या उंबऱ्याशी येते, कारण त्याच्यापुढे त्याला वाट नाही. ढग भरून आले की मी लोकांची पुस्तके माडीवर चढवायची. भिजलेले पुस्तक फुगते आणि मग कितीही दाबले तरी नीट मिटत नाही. गिऱ्हाईक काही बोलत नाही, नुसते पुढच्या वेळी दुसरीकडे जाते.

मी नगरपालिकेत खेटे घातले. शेवटी गल्लीचे पाणी नदीत सोडणारा मोठा पाइप आला. फीत कापली गेली, नगरसेवकांनी भाषण केले आणि त्यात माझे कौतुकही केले. पुढे मोठा पाऊस झाला, नदी चढली, पाइप तोंडापर्यंत भरला आणि रस्त्यातल्या झाकणांतून पाणी उलटे गल्लीत आले. पूर्वी वरूनच यायचे, आता खालूनही येऊ लागले. सबब, माझ्या शोकसभेत नगरसेवकांनी बोलू नये.

त्यानंतर नगरपालिकेत एक नवी इंजिनिअर मुलगी आली. भर पावसात गमबूट घालून ती वरच्या वळणापासून आमच्या दारापर्यंत चालत आली, आणि ओल्या अंगाने माझ्या कामाच्या टेबलाशी बसून म्हणाली, "बाई, पाणी पळवायचा नाद सोडा. त्याला वाटेत बसायला जागा द्या."

तिचे म्हणणे असे की, पूर्वी घरोघरी अंगणात माती होती आणि पाऊस तिथल्या तिथे मुरत असे. आम्ही सगळ्यांनी फरश्या घातल्या आणि आता प्रत्येक घर आपले पाणी खालच्या घराला पाठवते. तेव्हा प्रत्येकाने अंगणातली थोडी फरशी काढून तिथे खोलगट वाफा करावा, गच्चीच्या पाइपाखाली पिंप ठेवावे, आणि गल्लीच्या तळाशी एक मोठी खोलगट बाग असावी: खाली दगड, वर जाड वाळू, त्यावर माती आणि लांब मुळांचे गवत. पाणी तिथे थांबेल आणि सावकाश जमिनीत उतरेल. गल्लीच्या तळाशी मोकळी करता येईल अशी एकच जागा होती. ती तिने बोटाने दाखवली नाही. मीच खिडकीतून तिकडे पाहिले.

मी दारोदार फिरले. डास होतील, मुले पडतील, गाडी कुठे लावायची, हे सगळे ऐकून घेतले. स्वतःची फरशी आधी काढायला कोणीच तयार नव्हते. म्हणून मी दुकान पाडायला काढले. मुलगा परगावाहून आला. त्या दुकानात बसून तो कानस धरायला शिकला होता. अर्धी भिंत उतरलेली होती तेव्हा तो माझ्याशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "बाबांचं दुकान पाडून खड्डा करायचा?"

मी म्हटले, "हो."

त्याने विटांच्या ढिगातून एक कानस उचलली, रुमालात गुंडाळली आणि तो संध्याकाळच्या गाडीने परत गेला. तो सबंध पावसाळा त्याचा फोन आला नाही. सूनबाई करत असे.

दुकान पडल्यावर मात्र एकेक घर हलले. काहींनी पटले म्हणून केले, काहींनी माझे तोंड बंद व्हावे म्हणून. दोघांच्याही वाफ्यांत पाणी सारखेच मुरते. आता पाणी अजिबात येत नाही असे मी म्हणणार नाही. गेल्या वर्षीच्या जोराच्या पावसात रस्त्यावर घोट्याएवढे आले, माझ्या दारासमोर वळले आणि बागेत शिरले. दुसऱ्या दिवशी तिथे ओली माती आणि कोणाचीतरी एक चप्पल होती. माझी पुस्तके खालच्याच खोलीत होती.

मुलगा आता म्हणतो की शेजारी खड्डा असलेले घर कोण विकत घेईल. घर कोरडे आहे म्हणूनच कोणीतरी घेईल, एवढेच मी त्याला सांगितले आहे. ही जागा गल्लीच्या रहिवासी मंडळाला देत आहे. तिच्यावर बांधकाम करू नये, फरशी घालू नये, गाड्या लावू नयेत. मघाशी अट नाही म्हटले ते घरापुरते.

४. बँकेत जे काही असेल ते याच बागेच्या देखभालीसाठी ठेवावे. दरवर्षी पावसाआधी तिच्यातला गाळ उपसावा लागतो. नाही उपसला तर ती भरत जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. आतापर्यंत मी ओरडून ओरडून माणसे जमवली. पुढे हे काम मजुरी देऊन करून घ्यावे.

या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी सूनबाईला नेमते. ती परिचारिका आहे. कागद वाचल्याशिवाय सही करत नाही आणि मुलाला गप्प बसवू शकते.

५. माझे धाकटे दीर वरच्या वळणावर राहतात. गल्लीतले सगळ्यात मोठे अंगण त्यांचे, आणि ते भिंतीपासून भिंतीपर्यंत गुळगुळीत फरशीचे. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, पाणी वरून खाली जाणारच. त्यात माझा काय दोष?"

मी म्हटले, "जाऊ द्या की, भावोजी. पण जरा दमानं जाऊ द्या."

त्यांनी आजतागायत एक फरशी काढली नाही. तेव्हापासून आम्ही फक्त औषधांविषयी बोलतो. फरश्या उकरायची माझी पहार त्यांना द्यावी. वापरली नाही तरी चालेल, दारामागे ठेवावी.

६. अंत्यविधी. मी पावसाळ्यात गेले तर थांबून राहू नये.

यजमान गेले तेव्हा गल्लीत मांडीएवढे पाणी होते. त्यांना माडीवर ठेवून आम्ही ते ओसरायची वाट पाहत बसलो. ओसरले नाही. शेवटी तसेच निघावे लागले. अर्ध्या वाटेत मागच्या एकाचा पाय झाकण निघालेल्या जुन्या गटारात गेला आणि तिरडी कलली. त्याच्या शेजारी भावोजी होते. त्यांनी कललेली बाजू डोक्याच्या वर उचलून धरली आणि तो माणूस सावरेपर्यंत पाण्यात तसेच उभे राहिले. "दादाला भिजू देणार नाही," एवढेच ते बोलले. यजमान कोरडे गेले.

म्हणून मला भावोजींवर कधी धड रागावता आले नाही. पाण्याने दमवले नसेल इतके मला या न रागावता येण्याने दमवले.

आता त्यांच्या खांद्याला माझे ओझे झेपणार नाही. त्यांनी पुढे चालावे. पायात चपला असू द्याव्यात. रस्ता चालण्याजोगा आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

सही: बुकबाइंडर, उताराच्या शेवटचे घर

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई, समोरचा दवाखाना
२. सायकल दुरुस्तीवाला, पलीकडचे घर

ठिकाण: घराची खालची खोली
तारीख: पावसाळ्याच्या तोंडावरचा सोमवार, गाळ उपसून झाल्यावर