रामहरी मॉडेलला फुटलेली पानं

सोमवार, ६ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प. उशिरा, पण विचारपूर्वक. रोज सकाळी फिरणे. चहा दोनच. जोयावर चिडायचं नाही.

जोया माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. शुक्रवार पेठेत राहते, वडील मकदूमभाई टेम्पो चालवतात. हुशार. जरा जास्तच. ३१ तारखेला तिचं शेवटचं प्रेझेंटेशन, हैदराबादहून एक्स्पर्ट बाई येणार. मग माझी सही, मग थीसिस जमा, मग तिला बंगळुरूला नोकरी. फेब्रुवारीत रुजू व्हायचंय. सगळं माझ्या सहीवर अडलेलं. जबाबदारी आहे, दुसरं काय.

थीसिसमधलं तिसरं चॅप्टर म्हणजे माझं मॉडेल. 'रामहरी मॉडेल'. त्याला माझं नाव मी दिलं नाही. मी फक्त वापरायला सुरुवात केली.

मंगळवार, ७ जानेवारी
फिरायला गेलो नाही. थंडी.

एक्स्पर्ट बाईंना सोप्या शब्दांत कसं सांगायचं त्याची तालीम: झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं हार्मोन एका पेशीतून दुसरीत जात असतं. जिथे साठतं तिथे नवं पान फुटतं. म्हणून करडईची पानं खोडाभोवती ठरावीक अंतराने येतात, वाट्टेल तिथे येत नाहीत. कोणती पेशी शेजारणीला किती ऑक्सिन देते याचं समीकरण मांडलं की कॉम्प्युटरवर ठिपके उमटतात. एक ठिपका, एक पान. माझ्या मॉडेलमध्ये उमटतात. कित्येक वर्षं उमटताहेत.

बाकीचे लोक म्हणतात, ज्या शेजारणीकडे आधीच जास्त, तिच्याकडेच पेशी आणखी ढकलते. हे मला तत्त्वतः पटत नाही. माझ्याकडे समान वाटप.

गुरुवार, ९ जानेवारी
कॉम्प्युटर वेळ तुकड्यातुकड्यांनी पुढे नेतो. जोयाने तो तुकडा निम्मा केला. ठिपके गेले. स्क्रीन सपाट. उत्तर खरं असेल तर तुकडा लहान केल्यावर ते टिकायला हवं, असं तिने मला सांगितलं. मला!

मग हळूच म्हणाली, "सर, ही पानं झाडाला फुटलेलीच नाहीत. कॉम्प्युटरला फुटलीत."

चिडलो नाही. बाहेर जाऊन चहा घेतला. चौथा.

शुक्रवार, १० जानेवारी
स्वतः तपासलं. सपाट. डिपार्टमेंटचा कॉम्प्युटर जुना आहे. घरच्या लॅपटॉपवर तपासलं. सपाट. लॅपटॉप नवा आहे, अजून रुळला नसेल.

बुधवार, १५ जानेवारी
संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे गावभर गर्दी, कॉलेज रिकामं. निवांत बोलता येईल म्हणून जोयाला बोलावलं. म्हणालो, ते निम्म्या तुकड्याचं पान थीसिसमधून काढ. नाही म्हणाली. म्हणालो, तुझं चौथं चॅप्टर, ते जास्तीकडे जास्त ढकलणारं, त्यालाही माझा आक्षेप आहे. म्हणाली, त्यात तुकडा कितीही लहान केला तरी ठिपके राहतात, सर. मी म्हणालो, मग सहीचा विचार करावा लागेल.

शांतपणे म्हणालो. शेजारच्या डिपार्टमेंटचे दोघं दारात येऊन उभे राहिले, ते त्यांच्या कामासाठी आले असावेत.

जोया रडली नाही. लॅपटॉप बंद केला आणि गेली. रडली असती तर समजूत घालता आली असती.

मंगळवार, २१ जानेवारी
मकदूमभाई आले. खुर्चीवर बसेनात. म्हणाले, "सर, पोरगी घरात बोलंना झालीय. जेवण पण धड न्हाई. तिचं गणित चुकलं असंल तर सांगा, मी समजावतो की."

म्हणालो, गणित चुकलेलं नाही.

"मग सही?"

म्हणालो, प्रक्रिया असते. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं पटलं. जाताना म्हणाले, "गणित बरोबर हाय म्हणालात, एवढं तिला सांगतो." मी सांगू नका म्हणेपर्यंत ते जिना उतरले होते.

गुरुवार, २३ जानेवारी
बायकोला सगळा प्रसंग निःपक्षपातीपणे सांगितला. विजयमाला मोडनिंबची, तिला आडपडदा माहीत नाही. तिने विचारलं, "हितं आपली ऋतुजा असती, आन् तिचा मास्तर असा अडून बसला असता, तर तुमी काय केलं असतं?"

म्हणालो, ऋतुजा कॉमर्सला आहे.

तेव्हापासून घरात शांतता. लिहायला बरी.

सोमवार, २७ जानेवारी
मॉडेल दुरुस्त करायला घेतलं. म्हणजे दुरुस्त नाही, सुधारित आवृत्ती. सगळे आकडे बदलून पाहिले. सपाट. सपाट. सपाट. दुपारी एकदा सुंदर ठिपके आले, टेबलावर हात आपटला. तुकडा जुनाच राहिला होता. हात अजून दुखतोय.

छातीत धडधड होते. चहा बंद करायला हवा.

गुरुवार, ३० जानेवारी
जोया केबिनमध्ये आली. उद्या तिसरं चॅप्टर दाखवत नाही म्हणाली. "सरांच्या मॉडेलपासून सुरुवात केली, एवढं एका ओळीत म्हणते. निम्म्या तुकड्याचं काही बोलणार नाही."

म्हणजे घाबरली! शेवटी अनुभव तो अनुभव.

पण एका ओळीत? माझं मॉडेल, एका ओळीत?

शुक्रवार, ३१ जानेवारी, संध्याकाळ
हॉल भरलेला. मकदूमभाई शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. जोया छान बोलली. माझी ती एक ओळ आली आणि गेली. तिच्या मॉडेलचे ठिपके एकेक करत उमटत गेले, एक्स्पर्ट बाई पुढे सरकून बसल्या. टाळ्या.

मी उठलो. का उठलो, ते आता नीट आठवत नाही. म्हणालो, मूळ मॉडेल दाखवल्याशिवाय हे प्रेझेंटेशन अपुरं आहे. जोया माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "सर, वेळ संपलाय." मी म्हणालो, वेळ आहे.

दाखवलं तिने. ठिपके आले. मी हॉलकडे वळून पाहिलं. एक्स्पर्ट बाई म्हणाल्या, "छान. तुकडा जरा निम्मा करता?"

जोयाचा हात माउसवर थांबला. ती माझ्या परवानगीची वाट बघत होती. अख्खा हॉल बघत होता. मी मान डोलावली.

सपाट.

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. चहाच्या वेळी सहीचा कागद समोर आला. केली. पेन माझंच होतं.

जिन्यात मकदूमभाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरलेले. "सर, तुमी मुद्दाम ते दाखवाया लावलं, व्हय की न्हाई? पोरीचं खरं हाय ते समद्यांना दिसावं म्हणून?"

मी जोयाकडे पाहिलं. ती चपलांकडे बघत होती. मग म्हणाली, "हो अब्बा. सरांनी मुद्दामच दाखवायला लावलं."

शनिवार, १ फेब्रुवारी
काल रात्री हेच सांगायचं ठरवलं होतं. मुद्दाम दाखवायला लावलं. विद्यार्थिनीसाठी. सगळं जुळत होतं.

सकाळी विजयमालाने इतक्या दिवसांनी आपणहून विचारलं, काल कसं झालं. वाक्य तयार होतं. तोंड उघडलं. म्हणालो, "जोयाचं चांगलं झालं."

"आन् तुमचं?"

ताटात भाकरी वाढलेली होती. मी जेवायला बसलो.